तहान, झोप, घाम: देवरीतली टिपणे

देवरी नागपूर आणि रायपूर यांच्या साधारण मधोमध पडते. महामार्गावर ट्रक थांबतात, चालक तोंड धुतात, चहा घेतात, निघून जातात. वाटसरूला पाणी विचारायचे ही या गावाची जुनी सवय. इथे राहायला आलो तेव्हापासून योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय मला निराळा वाचता येऊ लागला. भर दुपार. सूखार गावाबाहेर याकोबाची विहीर. येशू चालून थकलेला, काठावर बसलेला. शिष्य गावात खायला आणायला गेलेले. विहीर खोल आणि याच्याजवळ पोहरासुद्धा नाही. एक शोमरोनी बाई येते आणि तो तिच्याजवळ पाणी मागतो.

पुढचे बोलणे मोठे आहे, त्यावर हजार उपदेश झाले आहेत. मी अडतो ते एका साध्या गोष्टीशी. बोलणे संपल्यावर बाई घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. त्याला पाणी मिळाले की नाही, हे योहान लिहीतच नाही.

*

हाच योहान आपल्या पुस्तकाची सुरुवात सृष्टीच्याही आधीपासून करतो. चौघा शुभवर्तमानकारांत सर्वांत उंचावरून पाहणारा तो. आणि वधस्तंभावर येशूला तहान लागल्याचे तोंडाने बोलून दाखवलेले फक्त त्याच्याच पुस्तकात आहे. विहिरीवर एकदा, क्रुसावर एकदा. ज्याने सर्वांत उंच सांगितले त्यानेच घशाची कोरड दोनदा लिहून ठेवली. मला हे लेखकाच्या हातून सहज घडले असे वाटत नाही.

*

दिवाळी झाली, धान कापून झाले, की आमच्याकडे मंडई सुरू होते. गावोगावी रात्रभर दंडार, नाटक. लहानपणी मी दंडारीत देव झालेला माणूस पाहिला होता. काय रुबाब! पहाटे तोच माणूस विहिरीवर तोंडाचा रंग खरवडत होता आणि बिडी मागत होता. मला फार वाईट वाटले होते. सोंग उतरले होते.

पहिल्या-दुसऱ्या शतकात काही ख्रिस्ती लोक येशूबद्दल असेच म्हणू लागले. देव खरोखर माणूस कसा होईल? त्याला भूक कशी लागेल, रक्त कसे येईल? ते सगळे दिसण्यापुरते. देह हा भास, दुःख हा भास. ही माणसे वाईट नव्हती. देवाचा मान राखायला निघाली होती. पण मंडळीने हे म्हणणे फार लवकर आणि फार ठामपणे नाकारले. अंत्युखियाचा बिशप इग्नाती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला साखळदंडात रोमकडे नेला जात होता, तिथे त्याला श्वापदांपुढे टाकणार होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांत त्याचा सवाल सरळ आहे: प्रभूने दुःख सोसल्याचे नुसते दाखवले असेल, तर मी हे बेडीतले दुःख कशासाठी सोसतो आहे?

हा सवाल ग्रंथालयात बसून सुचणारा नव्हता.

*

माझा धाकटा भाऊ तेविसाव्या वर्षी गेला. सिकलसेल. आमच्या या पूर्व विदर्भात हा शब्द आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तेव्हा नव्हता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पुढे रक्त जात नाही. मग दुखते. गुडघे, कंबर, छाती, हाडाच्या आतून. थंडीत जास्त. पौषातल्या रात्री आम्ही वाळू तापवून फडक्यात बांधायचो आणि त्याचे पाय शेकायचो. तो ओरडायचा. शेजारची माणसे उठून यायची.

एकदा बाहेरगावाहून एक उपदेशक आले होते. प्रार्थना केली. मग आईला म्हणाले की इतके रडणे, इतके घाबरणे म्हणजे विश्वास कमी आहे. ज्याचा विश्वास पक्का तो शांत राहतो. भाऊ ऐकत होता. त्याने तोंडात चादर कोंबली.

आई शिकलेली नाही. पवित्र शास्त्र तिला ऐकून ऐकून पाठ. ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “मंग प्रभू बागेमधी कायले रडला जी?”

उपदेशक काही बोलले नाहीत. मी तेव्हा बारावीला होतो. पुढे धर्मशास्त्राची बरीच पुस्तके वाचली, पण येशूच्या माणूसपणाबद्दल मला जे कळले ते त्या रात्री त्या एका वाक्यात कळले. बाकी सगळे त्याच्या टिपा आहेत.

*

गेथशेमाने, आईने म्हटलेली ती बाग. येशू तिघा शिष्यांना बरोबर नेतो, कारण त्याला एकटे राहायचे नाही. जीव मरणापर्यंत खिन्न झाल्याचे त्यांना सांगतो. जमिनीवर पडतो. हे टळत असेल तर टळो, असे मागतो. आणि लगेच बापाची इच्छा आपल्या इच्छेपुढे ठेवतो. या दोन्ही गोष्टी त्याच्याच. आपण दुसरी तेवढी उचलतो आणि पहिलीवर पांघरूण घालतो. लूक घामाचेही लिहितो, रक्ताच्या थेंबांसारखा घाम. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक तर म्हणतो की त्याने मोठ्याने आक्रोश करून, अश्रू गाळून प्रार्थना केल्या.

भीती हे पाप असते तर ही पाने पवित्र शास्त्रात राहिलीच नसती. ज्यांनी ती लिहिली त्यांना आपला प्रभू दुबळा दिसेल याची काळजी वाटली नाही. त्या काळी शूर पुरुषाच्या मरणाचे चित्र वेगळे होते. सॉक्रेटिस विषाचा पेला कसा शांतपणे प्याला हे ग्रीक जगात सगळ्यांना माहीत होते. त्यापुढे हा रडणारा, घाम फुटलेला, मित्रांना जागे राहा म्हणून विनवणारा माणूस ठेवायला धैर्य लागले असेल.

भावाला हे कोणी आधी सांगितले असते तर त्याने चादर कोंबली नसती.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी. वर्षभर जुवाखाली राहिलेल्या खांद्याला हळद, लोणी लावून शेकायचे. चांगला सुतार जू करताना बैलाची मान पाहतो. कुठे गाठ आहे, कुठे जुना घट्टा आहे. जिथे टोचेल तिथे वाकसाने तासतो. तासणे नीट झाले नाही तर रोवणीच्या दिवसांत बैलाचा खांदा सुजतो आणि मग चिखलात बैल बसतो.

दुसऱ्या शतकातला जस्टिन नावाचा ख्रिस्ती पंडित लिहून गेला आहे की येशू नांगर आणि जू बनवत असे. मार्काचे शुभवर्तमान त्याला नुसते सुतार म्हणते. ग्रीक शब्दात लाकूडकाम, बांधकाम दोन्ही येते. जस्टिनला ही माहिती कुठून मिळाली, कोण जाणे. पण मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू थकल्याभागल्यांना आपले जू घ्यायला सांगतो आणि ते सोयीचे असल्याचे म्हणतो, तेव्हा मला ते कारागिराचे बोलणे वाटते. तिथला मूळ शब्द ‘ख्रेस्तोस’: सुखकर, उपयोगाचा, मवाळ. म्हणजे मानेला बसणारे. ज्याच्या हातात तीस वर्षे लाकडाची कुसळे गेली तोच असे बोलेल.

तीस वर्षे! सार्वजनिक काम फार तर तीन वर्षांचे. त्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग नासरेथसारख्या बारक्या गावात, कोणी न लिहिता गेला. आपल्या उपासनेत आपण जन्मावरून थेट बाप्तिस्म्यावर उडी मारतो. मला त्या मधल्या वर्षांचाच आधार वाटतो. आश्रमशाळेत एकतीस वर्षे फळा पुसला, त्यात कोणी लिहून ठेवावे असे काही घडले नाही.

*

‘अवतार’ या शब्दाशी मराठी ख्रिस्ती माणसाचे जुने भांडण आहे आणि जुनी मैत्रीही. हा शब्द टाळला तर शेजाऱ्याला काही कळत नाही. वापरला तर त्याला भलतेच कळते. आपल्याकडे कार्य संपले की अवतारसमाप्ती होते. देव देह ठेवतो आणि मूळ रूपी जातो. ख्रिस्ती विश्वास इथे वेगळ्या वाटेला लागतो. त्यात समाप्ती नाही. उठलेल्या येशूच्या हातांत खिळ्यांचे व्रण आहेत, थोमाला तो ते दाखवतो. वर गेला तो त्या हातांसकट गेला. म्हणजे माणूसपण त्याने घेतले ते परत न करण्यासाठी.

पुस्तकी मराठीत ‘देहधारण’ म्हणतात. बरा शब्द आहे, पण ‘धारण’मध्ये वस्त्राची छटा राहतेच. मला योहानाचे क्रियापद आवडते. शब्द देह ‘झाला’.

*

देवरीच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आमगाव स्टेशन. तिथून रुळ सालेकसा, दरेकसा करत डोंगरगड, राजनांदगावला जातात. १८९३ च्या सुमारास या रुळांवरून नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, नोकरीच्या खटपटीत. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला, संस्कृत काव्यावर गोष्टी झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही म्हणाला. टिळकांनी वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांना आधी काय भेटले? सिद्धांत नव्हे. त्रैक्य नव्हे, प्रायश्चित्ताचा अर्थ नव्हे. डोंगरउतारावर बसून गरिबांशी बोलणारा एक माणूस भेटला. देव नंतर कळला. पहिल्या शिष्यांचेही असेच झाले होते. आधी त्याच्याबरोबर जेवले, चालले, त्याला होडीत उशीवर झोपलेला पाहिला, आणि मग विचारू लागले की हा आहे तरी कोण. आम्ही जन्मापासूनचे ख्रिस्ती उलट्या बाजूने येतो. देव आधी मिळतो आणि माणूस शोधावा लागतो.

टिळकांनी पुढे ख्रिस्ताला आई म्हटले, माऊली म्हटले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ साली टिळक गेले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.

*

त्याच रुळांच्या बाजूला, दरेकशाजवळ, कचारगडची गुहा. माघ पौर्णिमेला गोंड समाज लोटतो, कुठकुठल्या राज्यांतून. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ ला नागपुरात आला, त्याने गोंडांचे लिंगोगीत उतरवून घेतले. तो १८६३ साली रात्री नाला ओलांडताना बुडून मेला आणि त्याचे कागद १८६६ साली छापले गेले. त्या गीतात गोंडांवर उपकार करणाऱ्या लिंगोला त्याचेच भाऊ मारतात आणि तो पुन्हा उठतो. माझे काही ख्रिस्ती मित्र हे ऐकून हरखतात. मी त्या गाण्याला ख्रिस्ती झालर लावणार नाही. ते कोयांचे, म्हणजे गोंडांचे, आहे. इतकेच मनात येते की मारल्या जाणाऱ्या उपकारकर्त्याची गोष्ट ऐकून या डोंगरातल्या माणसाला परके वाटायचे कारण नाही.

*

अब्बा. येशू देवाला ज्या अरामी शब्दाने हाक मारतो तो शब्द मार्काने ग्रीक लिहिताना तसाच ठेवला. मराठी वाचकाला भाषांतर लागत नाही. कितीतरी घरांत ‘आबा’ ओसरीवरच बसलेले असतात. दोन शब्दांचे नाते आहे की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. कान ओळखतो.

*

येशूला सगळे माहीत होते का? लूक म्हणतो तो ज्ञानाने वाढत गेला. वाढला म्हणजे आधी कमी होते. शेवटच्या दिवसाची घटका आपल्याला ठाऊक नाही, ती बापालाच ठाऊक, असे तो स्वतः सांगतो. वर्गात मी कैकदा ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाजलो आहे.

*

सुरफुनीकी बाईचा प्रसंग मला अजून जड जातो. परक्या जातीची आई मुलीसाठी याचना करते आणि येशूचे पहिले उत्तर कठोर आहे, मुलांची भाकर आणि कुत्री अशा भाषेतले. ती मागे हटत नाही. त्याच भाषेत, मेजाखालच्या चुऱ्याचा हक्क सांगते. आणि तो आपले उत्तर बदलतो. कोणी म्हणतात ती परीक्षा होती. असेल. मला मात्र वाटते, एका बाईच्या तोंडून त्याने त्या क्षणी काही ऐकले. आश्रमशाळेत गोंडी बोलणाऱ्या आयांशी मी पहिल्या वर्षी कसा बोललो हे आठवले की हे पान उलटवत नाही.

*

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. पण त्यानंतरची दोन-तीन वर्षे त्यांनी ज्या ख्रिस्ती भगिनींकडे राहून शिक्षण घेतले त्यांच्याशी पत्रांतून केवढा वाद घातला! ख्रिस्ताचे देवत्व चर्चच्या सूत्रांत मांडलेले जसेच्या तसे गिळायला त्या तयार नव्हत्या. शास्त्रात काय आहे ते दाखवा, म्हणत. समोरच्यांना हा अहंकार वाटला. मला ती प्रामाणिक माणसाची चाल वाटते. येशूला आधी माणूस म्हणून नीट पाहू दिल्याशिवाय त्याला देव म्हणवून घेण्यात घाई आहे.

त्यांचा विश्वास पुढे फार खोल गेला, तो मुक्तिसदनातल्या हजारो बायका-मुलींच्या जगण्यातून. आयुष्याच्या शेवटी हिब्रू, ग्रीक शिकून सगळे पवित्र शास्त्र त्यांनी सोप्या मराठीत आणले, कमी शिकलेल्या बाईला कळावे म्हणून. १९२२ साली त्या गेल्या. शब्द देह झाला यावर विश्वास असणाऱ्याने शब्दाला चूल, घागर, ओटी यांच्या भाषेत आणावे, हे त्यांनी करून दाखवले. याच कारणाने फादर स्टीफन्सही मला जवळचे वाटतात. इंग्रज माणूस, १५७९ ला गोव्यात आला आणि १६१६ साली राशोलच्या छापखान्यात त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्या.

*

३२५ साली निकयाच्या धर्मसभेत ठरले की येशू पुरा देव. ४५१ साली खल्कीदोनात ठरले की तो पुरा देव आणि पुरा माणूस, पाप सोडून सर्व बाबतींत आपल्यासारखा. दोन्ही एकत्र, पण एक दुसऱ्यात विरघळलेले नाही. या मधल्या सव्वाशे वर्षांत केवढी भांडणे झाली. एका गटाचे म्हणणे होते की येशूला माणसाचे शरीर होते पण माणसाचे मन नव्हते, त्या जागी देवाचा शब्द होता. नाझियांझचा ग्रेगरी त्यावर जे म्हणाला त्याचा आशय मला रोज उपयोगी पडतो: माणसाचे जे त्याने घेतले नाही ते बरेही केले नाही.

म्हणजे मन घेतले नसेल तर मनाची भीती बरी होण्याची आशा नाही. रक्त घेतले नसेल तर रक्ताची नाही. हा वाद ज्यांना केस चिरणारा वाटतो त्यांनी पौषातल्या रात्री कोणाचे पाय शेकलेले नसावेत.

*

२०२० चा मे. हा रस्ता कित्येक दिवस माणसांनी भरून वाहत होता. मुंबई, पुणे, नागपूरकडून चालत निघालेली, छत्तीसगड, ओडिशा, झारखंडकडे. सीमा इथून जवळ, म्हणून देवरीला आली की त्यांचे डोळे थोडे उजळायचे. आमच्यातल्या काही जणांनी बोरिंगजवळ सावली केली होती. पाणी, पोहे, चप्पल मिळेल तशी.

एका म्हाताऱ्याचे तळवे फाटले होते. आमच्या मंडळीतली एक बाई खाली बसली आणि तिने त्याचे पाय पाण्याने धुतले, तेल लावले. त्याने लाजून पाय ओढून घेतले. येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रानेही असेच नाही म्हटले होते. तिच्या मनात तेव्हा योहानाचा तेरावा अध्याय होता का, मी विचारले नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी पाणी भरत होतो, माझा हात त्या फाटलेल्या पायांना लागू नये अशा अंतरावर. मला संसर्गाची भीती वाटत होती, हे खरे. ती भीतीही मी नंतर त्याच्यापुढे नेली, ज्याला भीती माहीत आहे.

*

नाताळात आम्ही सात-आठ घरांची माणसे एका ओसरीत जमतो आणि पाळणा म्हणतो. पाळणा म्हणताना आवाज आपोआप खाली येतो, कारण बाळ झोपायचे असते. एवढे तरी आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही.

*

मृत्यूनंतर उठलेला येशू शिष्यांपुढे येतो तेव्हा ते घाबरतात, भूत समजतात. तो हातपाय दाखवतो. तरी त्यांचा विश्वास बसत नाही. मग तो विचारतो, खायला काही आहे का. ते भाजलेल्या मासळीचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. लूक हे लिहितो. योहानात तर तोच सरोवराच्या काठी विस्तव करून मासे भाजतो आणि रात्रभर रिकामे जाळे ओढून आलेल्यांना न्याहारीला बोलावतो.

हा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा मुलुख. पहाटे जाळे घेऊन परतणारे ढीवर आणि काठावरचा धूर आम्ही रोज पाहतो.

पुनरुत्थानाच्या रविवारी अंधार असतानाच आम्ही कबरस्तानात जातो. मेणबत्त्या, फुले, एक गीत. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तरी चालत येते. भावाच्या कबरीवरचा पाचोळा हाताने काढते. घरी आली की कोणाशी न बोलता चूल पेटवते. बाकी घरांत त्या दिवशी मटण असते. आमच्याकडे बोडीतले मासे, निखाऱ्यावर भाजलेले, वर मीठ. भावाला ते फार आवडायचे. पहिला तुकडा ती एका ताटलीत वेगळा काढते आणि मला म्हणते, “खाय, थंड होईन.”